माझ्या पदरचा 'मी'

एका माणसाच्या वाक्यात मी माझ्या पदरचा 'मी' घातला आणि त्या एका अक्षरापायी तो माणूस तुरुंगात गेला. मूर्खपणा कबूल करायचाच तर आखडता हात कशाला? भाजीत मीठ जास्त पडलं तर पाणी घालून भागतं. पोलिसांपुढच्या जबाबात जास्त पडलं तर काय घालायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीला टेकले होते, पण आजचे गुडघे बघता ती पोरगीच म्हणायची. त्या पोरीला दोन गोष्टींचा फार ताठा. पहिला बोलण्याचा. माहेर देऊळगाव राजाचं, बालाजीच्या गावातलं, वर मॅट्रिकपर्यंत शाळा, म्हणून आपण शुद्ध बोलतो असं तिला वाटायचं. लग्न होऊन जानेफळच्या बाजूच्या या गावात आली, तर सासू 'मले', 'तुले' म्हणाली की ही पदराआड हसायची. सासूनं एकदा ते पाहिलं. म्हणाली, "शुद्ध बोलल्यानं भाकर फुगत नाही वो बाई." माझ्या भाकरी खरंच फुगत नव्हत्या.

दुसरा ताठा नकलांचा. सरपंचांचं खाकरणं, मेहकरच्या गाडीतल्या कंडक्टरचं "चला पुढं सरका", भागवत सांगणाऱ्या बुवांचं मधेच गुडघा चोळणं, सगळं मला साधायचं. हळदीकुंकवाला बायका वाण घेऊनही उठत नसत, "काकू, करून दाखवा ना" म्हणून बसून राहत. जसंच्या तसं केलं तर कोणी हसत नाही. वरून थोडं मीठ टाकावं लागतं. ते टाकायला माझा हात कधी कचरला नाही.

या नकलांत शेजारणीच्या पोराचीही एक होती. लिहिताना लाज वाटते, पण होती.

पोरगा हुशार. अकोल्याला शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी परत आला तो कानावर हात ठेवूनच. कानात माणसं बोलतात म्हणायचा. त्याच्या मायनं आधी दर्ग्यावर नेलं, मग लिंबू उतरवणाऱ्याकडे, मग शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, शुगरसारखा; गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. गोळी चालू असली की पोरगा एखाद्या शांत बैलासारखा. पण एकदा गावानं 'येडा' म्हटलं की डॉक्टरांच्या बापालाही ते पुसता येत नाही. पस्तिशीला आला तरी गावाला तो पोरगाच, आणि तोही येडा.

त्याची माय आणि मी मैत्रिणी. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवरून विरजणाची वाटी रोज इकडून तिकडे जायची. ती तिकडे काम करत असताना मी इकडे तिच्या पोराची नक्कल करायचे. हळू आवाजात करायचे, एवढीच काय ती माझी सभ्यता.

गल्लीच्या टोकाला बुढी राहायची. तिला नाव होतं, पण सगळं गाव बुढीच म्हणायचं. नवरा गेलेला, एकच लेक, ती पलीकडच्या तालुक्यात दिलेली. घराला लागून रस्त्यावरचा जागेचा तुकडा आणि दारात शेळ्या. शेजारणीचा पोरगा रोज दुपारी त्या शेळ्यांना पाला तोडून आणायचा आणि बुढीच्या हातचा चहा प्यायचा. बाहेरच्या कुणाच्या हातचा कप तो तोंडाला लावत नसे. त्यात काही घातलंय असं त्याला वाटायचं. बुढी पहिला घोट स्वतः घ्यायची आणि मग कप त्याच्यापुढे करायची. "पाह्य, मेली का मी?" म्हणायची. मग तो प्यायचा.

तो दिवस उन्हाळ्यातला. भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मी कुरोड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवत होते. चीक शिजवताना पळी थांबवता येत नाही, त्यामुळे दार वाजलं तेव्हा मी पळी हातात घेऊनच उठले. दारात तो. शर्ट पुढून लाल, हात कोपरापर्यंत लाल.

"काकू, पानी. पानी दे वो काकू. बुढीले मारलं. बुढीले मारलं."

मी दार लावलं. आतून कडी घातली, वरून पाट टेकवला आणि त्या पाटाला पाठ लावून बसले. तो दारावर थापा मारत होता, "पानी दे, पानी दे." मग थापा थांबल्या. मी सुनेला फोन केला, सुनेनं आमच्या ह्यांना, ह्यांनी सरपंचांना. पोलिसांना कोणी केला ते अजून ठरलेलं नाही. गावातला प्रत्येक जण 'मीच केला' म्हणतो. आत चुलीवर चीक करपून कोळसा झाला. 

लोक जमून बुढीच्या घरी गेले तेव्हा ती गेलेली होती. पाला तोडायचा कोयता भाऱ्याजवळ पडलेला. शेजारणीचा पोरगा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि शेळ्यांच्या घमेल्यातलं पाणी ओंजळीनं तिच्या तोंडावर घालत होता. लोक म्हणाले, बघा, रक्त धुऊन राह्यला. पोलिसांनी त्या धुण्याला नाव दिलं, पुरावा नष्ट करणे.

मग आली माझी पाळी. माझ्या अंगणात खाट टाकली, खाटेवर ठाणेदार, बाजूला लिहिणारा शिपाई आणि भोवती सगळी गल्ली. आयुष्यात एवढी गर्दी माझ्यासाठी कधी जमली नव्हती. मी घाबरले होते हे खरं. पण जबाबाआधी मी डोक्यावरचा पदर नीट केला, हेही खरं.

"तो काय म्हणाला, बाई?"

आणि मी सांगितलं नाही. करून दाखवलं. खाली वाकून, डोळे फिरवून, हात पुढे करून: "काकू, पाणी दे हात धुवायला! मी बुढीला मारलं! मीच मारलं!"

गर्दी 'ऊऽ' करून मागे सरली. माझी एकही नक्कल तोवर इतकी रंगली नव्हती. शिपायानं खाली मान घालून लिहून घेतलं. मी वाचलं नाही, सही ठोकली. मॅट्रिक झालेली बाई, सही झोकदार.

बुढीचा जावई तोवर येऊन पोचला होता. जालन्याला होतो, फोन आला तसा निघालो म्हणाला. भिंतीवर डोकं आपटून रडला. "मायवानी होती वो मले," म्हणायचा. मी त्याला आत बोलावून चहा दिला, साखर जास्त घालून. तो दोन कप प्यायला आणि म्हणाला, "काकू, तुमी नसत्या तं हे समजलंच नसतं." मी पदरानं डोळे पुसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढचे दिवस माझ्या तोंडाला विसावा नव्हता. गिरणीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, बाजारात वांगी निवडताना, जो तो म्हणे, "काकू, तो कसा म्हनला वो?" मी पुन्हा करून दाखवायचे. दर वेळी डोळे जरा जास्त फिरायचे. एकदा सुनेनं ते मोबाईलवर घेतलं आणि ते गावाच्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. कोणी खाली लिहिलं, 'हाच तो पुरावा'.

तरी लोकांचं समाधान नव्हतं. पोलीस त्याला येडा म्हणून सोडून देतील, आतून पैसे खाल्ले असतील, दवाखान्यात नेऊन पोसतील, अशी कुजबुज. बिचाऱ्या शेजारणीकडे विरजणापुरतं दूध नसायचं, ती कुणाला काय खाऊ घालणार, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. माझ्याही नाही. मोर्चा निघाला. 'आरोपीला फाशी द्या' असं कापडावर लिहिलं, दोन टोकांना दोन काठ्या. एक काठी माझ्या हातात. दुसरी जावयाच्या.

हे वाक्य मी लिहून तासभर बसले. पुन्हा वाचलं तरी तेच आहे. दुसरी काठी जावयाच्या हातात होती.

ठाणेदारांनी मोर्चापुढे येऊन सांगितलं, आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोलीस असे तर असावेत, म्हणाले. आमच्या गावाचा पोलिसांवर फार विश्वास. फक्त आपल्या मनातलं नाव त्यांच्या तोंडून यायला हवं.

शेजारीण रोज सकाळी गोळ्यांची पट्टी पदरात बांधून ठाण्याला जायची. कधी गोळी आत पोचायची, कधी पदरातच परत यायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मी दुप्पट भांडले असते. भांडणात मला कोण हरवणार? पण तिनं फक्त मधल्या भिंतीवर, वाटी ठेवायच्या जागी, एक वीट ठेवली. बस.

आमचे हे फार कमी बोलतात. घरात बोलण्याचं सगळं काम माझ्याकडे आहे, असं त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं. एका संध्याकाळी सून पोळ्या लाटत होती आणि ते तिच्या मोबाईलवर माझी ती नक्कल बघत होते. कानाला कमी येतं, म्हणून फोन कानाशी धरला. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली.

"हा 'मी' कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"त्याचाच. अजून कुणाचा?"

"तो 'म्या' म्हनते. म्या पाला आनला, म्या चहा पेला. सारं गाव 'म्या' म्हनते. या गावात 'मी मारलं' म्हननारी तू एकटीच हायेस." फोन सुनेच्या हातात दिला. "हा 'मी' तुया हाय."

सून लाटणं धरून तशीच बसली. मी म्हणाले, "अहो, मी शुद्ध करून सांगितलं." ते म्हणाले, "कपडा हाय का तो, शुद्ध कराले?"

मी भांडण अर्धवट टाकून उठले. असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं, म्हणून घरातले सगळे घाबरले. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच उभं राहून, आवाज न करता, ते दुपारचं शब्द-शब्द तोंडात घोळवलं. 'बुढीले मारलं.' त्यात 'म्या' बसवून पाहिला. बसेना. नक्कल करणाऱ्याच्या जिभेला एक खोड असते, ऐकलेलं असेल तर जीभ आपोआप वळते. माझी वळेना. कोणी मारलं हे त्यानं सांगितलंच नव्हतं. मारलं, एवढंच सांगितलं होतं. मोकळी जागा होती, ती मी भरली.

मी मोरीतच बसले. सुनेला वाटलं, पडले. "आत्याबाई!" करत धावली. मी म्हणाले, "पडले नाही गं. पडले असते तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. ठाणेदार जेवायला बसायच्या बेतात होते. माझं ऐकलं आणि डब्याचं झाकण परत लावलं.

"आजी, जबाब फिरवता? कोण दबाव टाकून राह्यलं?"

"कोणी नाही. माझ्या घरचा म्हातारा सोडला तर."

"मोर्चात तुमीच पुढे होत्या ना? आमी हळू चाललो तं तुमी म्हनता पैसे खाल्ले. लवकर केलं तं म्हनता चुकलं. आमी करावं तं काय करावं?" माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि त्याला थकवणाऱ्यांत मी पहिली होते. "आन् तो कबूल झाला हाय."

"साहेब, गोळी चुकली की तो कशालाही 'हाव' म्हणून मान हलवतो. समोरचा लवकर जावा म्हणून."

बाजूच्या टेबलावर एक फौजदार बाई बसली होती, नवीन बदलून आलेली, माझ्या नातीपेक्षा फार मोठी नसेल. ती उठली आणि मला बाहेर लिंबाखाली घेऊन गेली. "मी इकडच्याच उंद्री गावची हाय, आजी," म्हणाली. "मोबाईलवर तुमची नक्कल पाह्यली. आता मले करून दाखवा. फक्त मीठ टाकू नका."

मिठाचं हिला कसं कळलं, म्हणून मी चमकलेच. मग डोळे मिटले आणि केली. डोळे न फिरवता, हात न नाचवता. "काकू, पानी. पानी दे वो काकू. बुढीले मारलं. बुढीले मारलं." माझ्याच तोंडून तो आवाज आला. मारणाऱ्याचा आवाज असा नसतो. हा घाबरलेल्याचा होता.

"आन् हात धुवाले?" तिनं विचारलं. "तो म्हनला तसं?"

"तसं... म्हणजे, रक्तानं भरलेले हात. आणखी कशाला मागेल?"

"तो म्हनला का, आजी?"

"नाही."

तिनं सगळं लिहून घेतलं, मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मगच सही घेतली.

पुढचं मला त्या लिहिणाऱ्या शिपायाकडून समजलं. फौजदार बाईनं पोराच्या गोळ्या नीट सुरू करवल्या, बुलढाण्याच्या डॉक्टरांना शेजारी बसवलं आणि चहा मागवला. पहिला घोट स्वतः घेऊन कप त्याच्यापुढे केला. हे तिला त्याच्या मायनं सांगितलं होतं. मग विचारलं, "बुढीले कोनं मारलं?"

"जावयानं."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

"कोनी इचारलंच नाही. सारे म्हनत, तूनं मारलं ना? म्या म्हनलं हाव."

ठाणेदार म्हणाले म्हणे, येड्याच्या बोलण्यावर जावयाले कसं धरावं? त्यावर ही पोरगी म्हणाली, "साहेब, येड्याच्या बोलण्यावर येड्याले तं धरलंच ना."

जावई त्या दुपारी जालन्याला नव्हताच. त्याच्या मोबाईलनं सांगितलं, तो आमच्याच गावाच्या शिवारात होता. शिवारातल्या पडक्या विहिरीतून त्याचा शर्ट काढला. रस्त्यावरच्या त्या जागेच्या कागदावर बुढी अंगठा देत नव्हती, एवढ्यासाठी. ज्या दिवशी त्याला नेलं, त्या दिवशी मी त्याचे ते दोन कप शोधून काढले आणि उकिरड्यावर फोडले. कप चांगले होते. 

गावाचं म्हणाल तर, अर्धं गाव आजही म्हणतं की पोलिसांनी पैसे खाऊन येड्याला सोडलं आणि जावयाला अडकवलं. उरलेलं अर्धं म्हणतं, पोलिसांनी पैसे खाऊन आधी येड्याला अडकवलं. माझा दुसरा जबाब कुठल्याच ग्रुपवर फिरला नाही. फिरावा असं त्यात काही नव्हतंच. ना डोळे फिरवलेले, ना हात नाचवलेले. आणि मी नकला सोडल्या असं लिहिलं तर विश्वास ठेवू नका. सरपंचांची अजून करते. शेजारणीच्या पोराची नाही.

तो घरी आला तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता. बुढीच्या लेकीनं शेळ्या त्यालाच देऊन टाकल्या होत्या, त्या आता शेजारणीच्या अंगणात. काही दिवस मी भिंतीवरची वीट बघत राहिले. मग एका दुपारी ताटात भाकरी घेऊन त्यांच्या दारात गेले. शेजारणीनं मला पाहिलं. पाट सरकवला आणि आत गेली.

तो शेळीपुढे पाला टाकत होता. मी ताटातल्या भाकरीचा एक तुकडा मोडून आधी माझ्या तोंडात घातला आणि मग ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते बघितलं, पण घेतलं नाही. मग मी बोलायला लागले. माझ्या 'मी'ची गोष्ट सांगितली, म्हातारा काय म्हणाला ते सांगितलं, ठाण्यात जाऊन तो 'मी' परत कसा काढून आणला ते सांगितलं. खरं सांगते, सांगता सांगता मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता. चूक केली, पण दुरुस्तही मीच केली, असं काहीसं. शेवटी हात जोडले.

त्यानं पाल्याची फांदी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, खरंच विचारायचं राहून गेलं होतं, असं पाहिलं. आणि म्हणाला,

"'मी'चं जाऊ दे वो काकू. पानी काऊन नाही देल्लं? बुढी जित्ती होती तवा. तिनं मांगलं होतं."